भोंगा वाजला, पुढे काय?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कारखान्यांसाठी इलेक्ट्रॉनिक सुरक्षा यंत्रणा आखून देणे हा माझा जवळजवळ तीस वर्षांचा व्यवसाय. हे कोणाला सांगितले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : 'म्हणजे तुम्ही कॅमेरे बसवता ना?' मी 'हो' म्हणतो आणि विषय संपवतो. 'नाही' म्हटले तर बराच वेळ बोलावे लागते. आज तो वेळ मला मिळाला आहे. कॅमेरा हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. अवघड भाग आहे तो रात्री दोन वाजता गेटच्या केबिनमध्ये एकटा बसलेला माणूस. हे मला कॉलेजात कोणी शिकवले नाही. ते मी एका चुकीतून शिकलो, आणि त्या चुकीची किंमत मी नव्हे, दुसऱ्याच माणसाने मोजली. ती हकिगत आधी सांगतो.

गोष्ट २००३ सालची. नाशिकजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत विजेचे साहित्य बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना होता. तांब्याच्या पट्ट्या हा त्यांचा मुख्य कच्चा माल. तांबे म्हणजे रोख रकमेसारखेच. एकदा वितळवले की त्याच्यावर कोणाचे नाव राहत नाही. कारखान्याच्या मागे नाला, नाल्यापलीकडे मोकळे रान. मी मार्च महिन्यात तिथे यंत्रणा बसवली. मागच्या भिंतीच्या आतून अवरक्त किरणांचे खांब उभे केले. एका खांबातून डोळ्यांना न दिसणारा किरण निघतो, दुसरा खांब तो पकडतो. मध्ये कोणी आले की किरण तुटतो आणि केबिनमध्ये भोंगा वाजतो. एकावर एक असे दोन किरण ठेवले होते आणि दोन्ही एकदम तुटले तरच भोंगा वाजेल अशी जोडणी केली होती, म्हणजे कावळा-चिमणी मधून गेली तर यंत्रणा गप्प राहावी. चार झोन, आठ कॅमेरे, एक रेकॉर्डर. उद्घाटनाला शेठनी नारळ फोडला, पेढे वाटले. मी खूश होतो.

रात्रपाळीला सिन्नर भागातले एक गृहस्थ असत. वय पंचावन्नच्या आसपास. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांना पॅनेल कसे वापरायचे ते मी तासाभरात शिकवले आणि परत आलो.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. नाल्याकडच्या बाजूला गाजरगवत कमरेएवढे वाढले. ओले गवत वाऱ्याने डोलले, की दोन्ही किरण एकदम तुटत. तिथली जमीन काळी. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसते. माझे खांब त्या मातीबरोबर केसभर कलले आणि किरण समोरच्या खांबाच्या कडेवर जाऊन बसला. मग जोराची सर आली तरी भोंगा, कुत्रे गेले तरी भोंगा, पहाटेचे दाट धुके पडले तरी भोंगा. एका रात्रीत पंचवीस-तीस वेळा.

पहिले काही दिवस मामा प्रत्येक वेळी हातात बॅटरी घेऊन पावसातून मागे धावत गेले. मग चालत जाऊ लागले. मग केबिनच्या दारातून बॅटरीचा झोत टाकून परत बसू लागले. एका भेटीत त्यांनी मला विचारलेही, ''साहेब, हा भोंगा चोरासाठी लावलाय का माझ्यासाठी?'' मी हसलो आणि गवत कापून घ्या म्हणालो. ऑगस्टमध्ये तिथल्या सुपरवायझरने झोन चार पॅनेलवरून बंद करायला सांगितला. आमच्या भाषेत 'बायपास' केला. तो पुन्हा चालू करायचा राहून गेला.

दिवाळीच्या सुट्टीत कारखाना चार दिवस बंद होता. त्यातल्या एका रात्री दोन माणसे नाल्याकडून भिंत चढून आली, स्टोअरचे कुलूप तोडले आणि तांब्याच्या पट्ट्यांची बंडले घेऊन गेली. झोन चारमधूनच आली आणि तिथूनच गेली. भोंगा वाजला नाही.

संशय मामांवर आला. झोन बंद करण्यासाठी पॅनेलवर जो सांकेतिक क्रमांक टाकावा लागतो, तो मामांच्या नावावर होता. खरे तर तो १२३४ असा होता आणि सगळ्यांनाच ठाऊक होता. दुसरे म्हणजे, वेळ जुळत नव्हती. त्या काळी वॉचमनला राउंडचे घड्याळ देत असत. कारखान्याच्या ठरावीक जागी किल्ल्या साखळीने बांधलेल्या असतात. रखवालदाराने तिथे जाऊन ती किल्ली घड्याळात फिरवायची, की आतल्या कागदावर वेळ उमटते. मामांच्या घड्याळानुसार दोन वाजून दहा मिनिटांनी ते मागच्या स्टोअरजवळ होते. रेकॉर्डरच्या चित्रात मात्र दोन वाजून दहा मिनिटांनी ते गेटवर बसलेले दिसत होते. म्हणजे मामा खोटे बोलतात, किल्ली दुसऱ्या कोणी तरी फिरवली, असा अर्थ निघाला. दोन दिवस त्यांना चौकीत बसवून ठेवले. नोकरीवरून काढले.

तिसऱ्या दिवशी चित्रण काढून देण्यासाठी मला बोलावले. रेकॉर्डरसमोर बसलो आणि सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. माझ्या घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. पडद्यावर अकरा तीन. रेकॉर्डर बावीस मिनिटे मागे होता. आतला सेल कमजोर झाला होता, वीज वारंवार जात होती आणि घड्याळ लावायचे काम कोणाचे हे मी कुठेच लिहून दिले नव्हते. पडद्यावरचे दोन दहा म्हणजे प्रत्यक्षात दोन बत्तीस. त्या वेळी मामा राउंड संपवून गेटवर परत आलेले होते. ते खरेच बोलत होते.

मग झोनचा प्रश्न. पॅनेलची आठवण शेवटच्या २५६ नोंदींपुरती. नवीन नोंद आली की जुनी पुसली जाते. जुलै-ऑगस्टमधले ते शेकडो खोटे भोंगे पॅनेल केव्हाच विसरून गेले होते. आठवण ठेवली होती ती मामांच्या वहीने. साधी दोनशे पानी वही. रोजच्या तारखेखाली वेळ आणि कारण. 'वारा.' 'कुत्रं.' 'पाऊस.' 'काय नाही.' 'काय नाही.' आणि ऑगस्टच्या एका पानावर : 'साहेबांनी सांगितल्यावरून झोन ४ बंद केला.' खाली सुपरवायझरची सही. पुढच्या महिन्यातल्या एका पानावर आणखी एक शेरा होता : 'पाहिले. गवत कापावे.' ती सही माझी होती.

आता जे सांगतो ते सांगायला मला बरीच वर्षे लागली. रेकॉर्डरच्या घड्याळाची चूक मी त्याच दिवशी सांगितली. ती यंत्राची होती, सांगायला सोपी होती. वहीचे पान मात्र मी शेठना चार दिवसांनी दाखवले. माझे शेवटचे बिल त्यांच्याकडे बाकी होते. त्या चार दिवसांत मामा घरी बसून होते आणि गावात त्यांच्याबद्दल काय बोलले जात असेल ते मला कळत होते. शेवटी मी शेठना सांगितले, की झोन बंद होता हे मला माहीत होते आणि यंत्रणेची आखणीच चुकली होती. शेठ भला माणूस. त्यांनी मामांना परत बोलावले. मामा आले, पण पूर्वीसारखे बोलले नाहीत. वर्षभरात नोकरी सोडून शेतीकडे गेले. जाताना ती वही मी मागून घेतली.

तर श्रोतेहो, सुरक्षा यंत्रणेची आखणी म्हणजे काय, हे मी त्या वहीवरून शिकलो.

पहिला धडा वेळेच्या हिशेबाचा. अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने अणुप्रकल्पांच्या संरक्षणाचा अभ्यास करून या शास्त्राला तीन शब्द दिले. पहिला चाहूल, दुसरा अडथळा, तिसरा प्रतिसाद. चोराची चाहूल लागली पाहिजे, त्यानंतर अडथळ्यांनी त्याचा वेळ खाल्ला पाहिजे आणि त्या वेळात आपला माणूस पोहोचला पाहिजे. चाहूल लागण्याआधीचे अडथळे हिशेबात धरायचे नाहीत. भिंत कितीही उंच असो. चोर ती चढतो आहे हे कोणाला कळतच नसेल, तर त्याच्यापाशी सारी रात्र आहे.

त्या कारखान्यात मी नंतर हा हिशेब प्रत्यक्ष केला. माझ्या मदतनीस मुलाला चोर केले आणि हातात स्टॉपवॉच घेतले. भिंत चढून उतरायला १५ सेकंद, स्टोअरपर्यंत धावत यायला ४०, पहारीने कुलूप तोडायला ७०, माल घेऊन परत भिंतीपलीकडे जायला ९०. एकूण २१५ सेकंद. मामांना गेटपासून तिथे पोहोचायला लागत २०० सेकंद. म्हणजे भिंतीपाशीच चाहूल लागली तर हाताशी उरतात पंधरा सेकंद. स्टोअरचे दार उघडल्यावर चाहूल लागली, तर मामा पोहोचेपर्यंत चोर नाल्यापलीकडे. यावर उपाय आणखी कॅमेरे हा नव्हता. लोहाराकडून स्टोअरला आतून जाड गजांचे दुसरे दार करून घेतले. ते तोडायला आणखी तीन मिनिटे लागतील असे. एवढ्याने हिशेब बसला. मामांच्या वयाच्या माणसाने चोरांशी एकट्याने झटापट करावी हीही माझी अपेक्षा चुकीचीच होती. आता चाहूल लागताच त्या भागातले मोठे दिवे आपोआप लागतात, बाहेर भोंगा वाजतो आणि केबिनमधला माणूस आधी फोन करतो. चोर पकडला गेला नाही तरी चालेल, तो रिकाम्या हाताने पळाला पाहिजे.

दुसरा धडा माणसाच्या डोळ्यांचा. अनेक मालकांना वाटते, की सोळा चित्रांचा पडदा लावला आणि समोर एक माणूस बसवला की झाले. नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर केलेला प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या रडारवर तासन्‌तास नजर ठेवणारे सैनिक शत्रूच्या पाणबुड्यांच्या खुणा का चुकवतात, हा प्रश्न होता. त्याने एका कोऱ्या तबकडीवर काटा ठेवला. तो सेकंदासेकंदाला एक पाऊल सरकायचा आणि क्वचित केव्हा तरी दुप्पट उडी मारायचा. ती उडी दिसली की कळ दाबायची. एवढे सोपे काम, पण पहिल्या अर्ध्या तासानंतरच लोकांच्या चुका लक्षणीय वाढल्या. ती आळशी माणसे नव्हती. माणसाचे मेंदूयंत्र असेच आहे. जिथे काही घडत नाही, तिथे ते फार वेळ पाहू शकत नाही.

म्हणून आता मी केबिनमधला पडदा शांत ठेवतो. झोनमध्ये हालचाल झाली तरच त्या जागेचे चित्र मोठे होऊन समोर येते, हालचालीच्या आधीच्या दहा सेकंदांसह. पाहणाऱ्याला एकच प्रश्न सोडवायचा असतो : माणूस आहे की कुत्रे? झोनही आता लहान केले. पूर्वी झोन चार दीडशे मीटरचा होता. धावत जाऊन शोधायचे कुठे? आता पन्नास मीटरचे तुकडे आहेत आणि त्यांना क्रमांक नाहीत, नावे आहेत. 'नाल्याची भिंत', 'बाभळीजवळ', 'पंपहाउसमागे'. मराठीत छापलेली, पॅनेलवर चिकटवलेली.

तिसरा धडा खोट्या भोंग्याचा. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. तिच्यात दोष मुलाचा असतो. माझ्या गोष्टीत सतत लांडगा लांडगा ओरडणारी होती माझी यंत्रणा, आणि शिक्षा झाली गावकऱ्याला. आता आखणी करताना मी खोट्या भोंग्यांचा हिशेब आधी मांडतो. एका ठिकाणी एका रात्रीत एक-दोनपेक्षा जास्त होत असतील, तर ती यंत्रणा पूर्ण झाली असे मी समजत नाही. त्यासाठी दोन वेगळ्या जातीचे संवेदक जोडतो. एक किरण तुटल्याचे सांगतो, दुसरा कुंपणाच्या जाळीवर बांधलेल्या केबलमधून थरथर ओळखतो. दोघांनीही थोड्या अंतराने साक्ष दिली तरच मोठा भोंगा. एकानेच दिली तर फक्त चित्र समोर आणायचे. भिंतीलगत दोन मीटर खडीचा पट्टा टाकतो, म्हणजे गवत येत नाही. खांबांचा पाया काळ्या मातीखाली मुरुमापर्यंत नेतो. यातले निम्मे काम गवंड्याचे आहे, पण त्यावाचून इलेक्ट्रॉनिक्स चालत नाही.

आणि बायपास. झोन बंद करण्याची सोय हवीच. दुरुस्ती असते, सण असतो, ट्रक मागे लावायचा असतो. पण माझ्या यंत्रणेत बंद केलेला झोन बारा तासांनी आपोआप चालू होतो. बंद करायला दोन माणसांचे वेगवेगळे क्रमांक लागतात. सकाळी मालकाच्या टेबलावर एका ओळीचा कागद जातो : काल कोणता झोन, किती वेळ, कोणी आणि का बंद ठेवला. असे असते, तर त्या ऑगस्टनंतर मामा एकटे पडले नसते.

चौथा धडा तारेचा. चोराने ताराच कापल्या तर? हा प्रश्न मला नेहमी विचारतात. याचे उत्तर फार जुने आहे. अमेरिकेत बोस्टनजवळ ऑगस्टस पोप याने १८५३ साली विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचे पेटंट घेतले आणि पुढे एडविन होम्सने ते विकत घेऊन त्याचा धंदा उभा केला. आज आम्ही तारेतून थोडासा प्रवाह सतत वाहता ठेवतो आणि अगदी शेवटच्या टोकाला, संवेदकाच्या पोटात, एक छोटा रोधक बसवतो. सगळे ठीक असेल तर पॅनेलला एक ठरावीक आकडा दिसतो. तार कापली तर प्रवाह थांबतो, दोन तारा एकमेकींना जोडून फसवले तर तो वाढतो. दोन्ही वेळा भोंगा. हा रोधक काही पैशांचा असतो. पण कितीतरी ठिकाणी काम करणारा तो तारेच्या टोकाला न बसवता सोयीसाठी पॅनेलमध्येच बसवून टाकतो, आणि मग सगळी राखण व्यर्थ जाते. काम तपासायला गेलो, की मी आधी संवेदकाचे झाकण उघडून तो पाहतो.

पाचवा धडा पुराव्याचा. घड्याळाची बावीस मिनिटे मी विसरलो नाही. आता सगळी यंत्रे एकाच घड्याळाशी जोडलेली असतात आणि ते घड्याळ रोज आपोआप लावले जाते. चित्रण न्यायालयात चालण्यासाठी ते कोणत्या यंत्रातून, कोणी काढले याचे प्रमाणपत्र लागते. ते देणे अनिवार्य असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० सालचा निकाल जालन्याच्या २०१४ मधील विधानसभा निवडणुकीच्या खटल्यातला आहे. तिथेही निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले चित्रण होते आणि वाद होता तो उमेदवारी अर्ज तीनच्या आत आला की नंतर, याचा. म्हणजे पुन्हा घड्याळच! पूर्वी ही तरतूद पुरावा कायद्याच्या ६५ ब कलमात होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात आहे. चेहऱ्याचेही तसेच. त्या रात्रीच्या चित्रात दोन काळे ठिपके दिसले, चेहरे नाहीत, कारण एका कॅमेऱ्याला मी सगळे आवार पाहायला लावले होते. २०१४ सालचे आंतरराष्ट्रीय मानक सांगत होते, की अनोळखी माणूस ओळखायचा तर चित्रात दर मीटरला २५० बिंदू हवेत. म्हणजे १९२० बिंदू रुंदीचा कॅमेरा साधारण साडेसात मीटर रुंदीपुरताच ओळख पटवू शकतो. त्याहून रुंद जागा दाखवली, तर माणूस आला एवढे कळेल, कोण आला हे नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९११ साली न्यू यॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागली. १४६ कामगार गेले. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. बाहेर पडण्याचे एक दार कुलूपबंद होते; मुलींनी माल चोरून नेऊ नये म्हणून. आजही मालक मला सांगतात, मागचे दार असे बंद करा की कोणालाच उघडता येऊ नये. मी ते करत नाही. विद्युतचुंबकाचे कुलूप लावतो; वीज आहे तोवर ते घट्ट धरते. वीज गेली तर ते उघडे पडू नये म्हणून त्याला बॅटरी देतो, पण आगीची सूचना आली की वीज आणि बॅटरी दोन्हींचा प्रवाह थेट तुटतो, मध्ये संगणक नाही. चोरी झाली तर तांबे जाते. तांबे पुन्हा विकत घेता येते.

आता काळ बदलला आहे. आजचे कॅमेरे माणूस आणि कुत्रा यांतला फरक बऱ्यापैकी ओळखतात आणि मामांना पडलेले कष्ट त्यामुळे खरोखर कमी झाले आहेत. पण जुने दोष नव्या कपड्यात येतात. २०१६ साली मिराई नावाच्या एका प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. कसे? कंपनीतून आलेला पासवर्ड लोकांनी बदललाच नव्हता. माझे १२३४ मला लगेच आठवले. आणि कॅमेऱ्याच्या दिव्याभोवती किडे जमतात, किड्यांसाठी कोळी जाळे विणतो आणि पावसाळी रात्री ते जाळे भिंगासमोर हलते, हे अजूनही तसेच आहे.

तुमच्यापैकी कोणाचा छोटा-मोठा कारखाना असेल, गोदाम असेल, सोसायटीची जबाबदारी असेल, तर एक करा. यंत्रणा विकणाऱ्याला कॅमेरे किती हे विचारण्याआधी विचारा : भोंगा वाजल्यावर कोण, किती वेळात, कुठे जाणार? रात्री किती वेळा खोटा वाजेल? झोन बंद केला तर मला कधी कळेल? उत्तर मिळाले नाही तर पैसे देऊ नका. आणि तुमच्या गेटवरचा माणूस वहीत काही लिहीत असेल, तर आठवड्यातून एकदा ती वही वाचा. मी ती वेळेवर वाचली असती, तर एका प्रामाणिक माणसाला दोन दिवस चौकीत बसावे लागले नसते.